बर्फातली तांबडी टिकली

माझी नोकरी नेमकी काय होती, ते धारवाडात मला कुणालाच नीट सांगता आलं नाही. भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत असते म्हटलं, की लोक बोअर कुठे मारावी ते विचारत. धूळ मोजते म्हटलं, की ‘आमच्या घरी या की, पाहिजे तेवढी घेऊन जावा’ म्हणत. आमचे हे पाहुण्यांना सांगत, ‘ही दिवसभर संशय घेते आणि त्याचा तिला पगार मिळतो.’ चिडून काही उपयोग नव्हता, कारण कामाचं इतकं नेमकं वर्णन आमच्या विभागप्रमुखांनाही जमलं नसतं.

काम दिसायला सोपं. हवा असेल तर ती पंपाने कागदातून ओढायची, पाणी असेल तर त्याच कागदातून गाळायचं. कागदावर गोल डाग राहतो, कपाळावर लावायच्या टिकलीसारखा, म्हणून आम्ही त्याला टिकलीच म्हणायचो. करडी टिकली आली तर काजळी, तपकिरी किंवा तांबडी आली तर माती. मग रंग किती गडद, वजन किती, सूक्ष्मदर्शकाखाली कण कसे दिसतात, हे सगळं नोंदवायचं. अवघड प्रश्न पुढे असतो, की ही घाण नक्की कुणाची. आणलेल्या नमुन्यातली, की वाटेतली, की बाटलीतली, की माझ्या पदराची? धूळ मोजणाऱ्या माणसाभोवती धूळच असते. त्यामुळे पहिला संशय स्वतःवर घ्यायचा, मग खोलीवर, मग सहकाऱ्यांवर, आणि इतकं करून काही उरलंच तर निसर्गाकडे वळायचं. ही सवय संध्याकाळी घरी जाताना टेबलावर ठेवून येता येत नाही. दुधात पाणी आहे का, पाहुणा खरंच सहज आलाय का, सगळीकडे तेच.

नव्वदच्या दशकात बाहेरचे लोकही आमच्याकडे नमुने आणत. हुबळीच्या देशपांडे नगरातल्या एका डॉक्टरांच्या पत्नी एकदा ताटभर पापड घेऊन आल्या. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर काळे ठिपके पडत होते आणि शेजारच्या बेकरीवर खटला भरायचा त्यांचा बेत होता. मी पापड तपासले, मग त्यांच्या गच्चीवर गेले. बेकरीचं धुराडं लांब होतं. जवळ होता तो त्यांच्याच न्हाणीघरातल्या बंबाचा पाइप. बंबात काय जाळता विचारलं, तर म्हणाल्या, ‘नारळाच्या करवंट्या, आणि मुलाच्या जुन्या वह्या असतात की.’ मी निष्कर्ष सांगितला. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘तुमच्या घरी पाव कुठून येतो हो?’ पापड मात्र त्या सगळे परत घेऊन गेल्या.

धारवाडजवळच्या बेलूर औद्योगिक वसाहतीतली तऱ्हा वेगळी. तिथे हवा मोजायचं यंत्र ठेवून यावं, तर दुसऱ्या दिवशी त्यावर ओलं गोणपाट. ‘अक्कार, मशीनला ऊन लागतंय म्हणून घातलं री,’ असं तिथला मॅनेजर, थोरल्या बहिणीला सांगावं तसं, अगदी मायेने सांगायचा. आणि बाहेरच्यांना तरी का बोलावं? खंडेनवमीला आमचेच लोक प्रयोगशाळेतल्या प्रत्येक उपकरणाला हळदकुंकू वाहून कापूर ओवाळत. पुढचे दोन आठवडे मी नाजूक तराजूतून कुंकू झटकत बसे. पूजा बंद करा म्हणायची माझी छाती नव्हती. मी फक्त त्या पंधरवड्यातली सगळी वजनं संशयित धरत असे.

अशा माझ्या राज्यात दोन हजार सालानंतर गिरीश आला. अळणावरजवळच्या खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा, घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला पहिलाच. आमच्या इनामदार सरांकडे तो पीएचडी करत होता. सर कडक. शब्द मोजून बोलायचे आणि दुसऱ्याचेही मोजायचे. गिरीशचा विषय ऐकून मी हसलेच होते. धारवाडात बसून हिमालयातल्या हिमनदीवरची काजळी मोजायची. मी म्हटलं, ‘गिरीश, इथे फ्रीजमध्ये सुद्धा बर्फ धरत नाही रे.’ तो म्हणाला, ‘अक्का, बर्फ तिथलाच. घाण मोजायला तुमच्यासारखं माणूस तिथं न्हाई.’ माणसाला खूश कसं करावं, ते त्याला कळत होतं. मी त्याबद्दलही थोडा संशय घेतलाच.

विषय थोडक्यात सांगते. हिमनदी म्हणजे डोंगरउतारावरून अतिशय सावकाश सरकणारा बर्फाचा जुना साठा. पांढराशुभ्र बर्फ ऊन परतवून लावतो, म्हणून तो टिकतो. चुलींचा, वीटभट्ट्यांचा, डिझेल गाड्यांचा, पेटवलेल्या शेतांचा आणि जंगलांचा धूर वाऱ्याबरोबर वर जातो आणि त्यातली काजळी बर्फावर बसते. कोरड्या मुलखातली धूळही तशीच जाते. बर्फ मळला, की ऊन परतवायच्या ऐवजी पिऊ लागतो आणि लवकर वितळतो. मे महिन्यात काळं पोलकं घालून मार्केटात जाऊन आलेल्या बाईला हे समजवावं लागत नाही. गंमत अशी, की दगडमातीचा जाड थर असेल तर तो उलट बर्फाला जपतो, बर्फवाला लादीवर भुसा घालतो तसा. मारतो तो पातळ थर. डोळ्याला दिसेल न दिसेल इतकी काजळी पुरते, आणि तेवढीच मोजायला सगळ्यात कठीण.

गिरीश उत्तरेतल्या एका संस्थेच्या तुकडीबरोबर उन्हाळ्यात वर गेला. गंगेला पाणी देणाऱ्या हिमनद्यांपैकी एक होती ती. बर्फात खड्डे खणून प्रत्येक खड्ड्यातून बर्फाच्या दोन बाटल्या भरायच्या, एक त्या संस्थेने ठेवायची, जोडीची आपण आणायची. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि उत्तरं जुळतात का पाहायचं. मला ही पद्धत फार आवडली, कारण ती दोन्हीकडच्या लोकांवर अविश्वास दाखवते. बरोबर एक कोरी बाटलीही दिली होती. कोरी म्हणजे इथलं शुद्ध पाणी भरून, हिमालय दाखवून, न उघडता परत आणलेली. तिच्यात घाण निघाली तर दोष आपला.

बाटल्या थर्माकोलच्या पेटीतून हुबळी स्टेशनवर उतरल्या तेव्हा बर्फ वितळून पाणी झालं होतं. त्याने बिघडत नाही, झाकण बंद हवं आणि पाणी थंड ठेवायला हवं. पण आमच्या विभागाच्या फ्रीजने नेमकी तेव्हाच मान टाकली. दुरुस्तीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. शेवटी इनामदार सर म्हणाले, ‘माझ्या घरी न्या. इन्व्हर्टर आहे.’ त्यांचं घर केलगेरीला, तळ्याच्या बाजूला. घरात सर, त्यांची पत्नी आणि सरांची वृद्ध आई, ज्यांना सगळं केलगेरी गाव ‘माई’ म्हणे. बाटल्यांना कुणी हात लावायचा नाही, असं सरांनी घरात बजावून सांगितलं. गिरीशने त्या स्वतः नेऊन लावल्या.

त्याच पावसाळ्यात गिरीशचे वडील आजारी पडले. त्यांना धारवाडच्या सरकारी इस्पितळात ठेवलं होतं. पोरगा सकाळी इस्पितळात, दुपारी आमच्याकडे, रात्री परत इस्पितळात. काही दिवसांत वडील गेले. दिवसकार्य करून गिरीश परत आला तो गप्प होऊन. तोवर आमचा फ्रीज सुरू झाला होता. बाटल्या केलगेरीहून परत आणल्या आणि त्याने गाळायला घेतल्या. मी तेव्हा बेळगावला भाचीच्या लग्नात होते. तसं नसतं तर पुढचं काही झालंच नसतं, असं मला अजून वाटतं.

परत आले तर विभागात उत्साह. बहुतेक टिकल्या करड्या होत्या, अपेक्षेप्रमाणे. पण दोन बाटल्यांच्या टिकल्या चक्क तांबड्या. कधी न हसणारे सर हसून म्हणाले, ‘शैलाबाई, धूळ. वाळवंटाकडून आलेली असणार. काजळीच्या जोडीला धूळसुद्धा.’ मी त्या टिकल्या उजेडात धरल्या. तो तांबडा रंग मला फार ओळखीचा वाटला. माझ्या अंगणात, चपलांवर, धुतलेल्या चादरींच्या काठावर मी तो रोज पाहत होते. मी म्हटलं, ‘सर, थोडं थांबू या.’ सर म्हणाले, ‘तुम्हाला प्रत्येक गोष्टीत काळंबेरं दिसतं.’ आणि त्यांनी उत्तरेच्या संस्थेला कळवून टाकलं.

आठवड्याने तिथल्या सक्सेनासाहेबांचा फोन आला. त्यांच्या जोडीच्या बाटल्यांमध्ये तांबडं काहीच नव्हतं. बाकी सगळं जुळत होतं, त्या दोनच नाहीत. सक्सेनासाहेब गोड बोलायचे. ते म्हणाले, एकच खड्डा, एकच बर्फ, आणि रंग दोन. कधी कधी तरुण मुलांना काहीतरी नवीन सापडायची घाई असते. सरांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी गिरीशला बोलावलं आणि माझ्यासमोर विचारलं, ‘तू काही घातलंस?’

‘न्हाई सर.’

‘मग कुठून आलं?’

‘ठाऊक न्हाई सर.’

‘कारण सापडलं नाही तर तुला या कामावर ठेवता येणार नाही,’ सर म्हणाले. म्हणजे शिष्यवृत्ती गेली, पीएचडी गेली, आणि खोटेपणाचा शिक्का बसला तो वेगळाच. वडील गेलेले, घरी आई एकटी. गिरीशने एकदाही आवाज चढवला नाही. खरं सांगायचं तर मला तेच खटकलं. निरपराध माणूस थोडा तरी भांडतो.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागले. कोरी बाटली गाळली, टिकली पांढरी. म्हणजे खोली, पंप, कागद निर्दोष. मग उरलेलं पाणी पाहायला सगळ्या बाटल्या ओळीत मांडल्या. बर्फ भरताना बाटली गळ्यापर्यंत भरली तरी वितळल्यावर पाणी निम्म्याच्या आसपास येतं, कारण बर्फात हवा असते. गिरीशने प्रत्येक बाटलीतून सारखंच माप काढून घेतलं होतं, त्यामुळे सगळ्यांत तळाला थोडंसं उरलं होतं. त्या दोघींत मात्र माप काढूनही अर्ध्याच्या वर पाणी. वाढून झाल्यावर पातेल्यात जास्त भात दिसावा तसा प्रकार. मी क्षार मोजायचा मीटर बुडवला. बर्फाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, काटा हलत नाही. या दोन बाटल्यांत तो सरळ चढला. मग मी आमच्या नळाचं पाणी आणून त्यात बुडवला. पावसाळ्यात आमच्या नळाला चहाच्या रंगाचं पाणी येतं, हे इथल्या कुणालाही माहीत आहे. काटा पुन्हा तसाच चढला. म्हणजे कुणीतरी त्या बाटल्यांत नळाचं पाणी ओतलं होतं.

मी गिरीशला बोलावून दाखवलं. ‘बाटल्या भरलेल्या होत्या, तुझ्या लक्षात आलं नाही?’

‘त्या खड्ड्यात बर्फ ओला होता अक्का. मला वाटलं, पाणी जास्त निघालं.’ पटण्यासारखं होतं. मी पटवून घेतलं नाही.

‘या पाण्यासाठी तुझ्याकडे कुणी आलं होतं का? खरं सांग.’

तो खिडकीबाहेर पाहू लागला. ‘कुणीतरी मागितलं होतं. मी दिलं न्हाई.’

‘कुणी?’

‘ते राहू द्या अक्का. दिलं न्हाई म्हणजे न्हाई.’

झालं. माझ्या डोक्यात चक्रं फिरू लागली. कोण मागणार? कुणी प्रतिस्पर्धी? सक्सेनासाहेबांचा माणूस? आमच्याच विभागातला कुणी? नावं मनात घोळवत मी घरी गेले आणि आमच्या ह्यांना आमटी अळणी वाढली. रात्री लक्षात आलं, की मी सगळ्यांवर संशय घेतला, पण बाटल्या जिथे राहिल्या त्या घरावर नाही. इनामदार सरांच्या घरावर संशय घ्यायचा ही कल्पनाच मला शिवली नव्हती. माझ्यासारखीला हे शोभणारं नव्हतं.

शनिवारी दुपारी सर हुबळीला गेलेत, हे नीट विचारून मी केलगेरीला गेले. हातात दोन कणसं, म्हणजे निमित्त झालं. माई पडवीत वाती वळत बसल्या होत्या.

‘ये की शैला, बस. चहा टाकायला सांगू?’

मी इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हटलं, ‘माई, फ्रीजमध्ये त्या बाटल्या होत्या बघा गिरीशच्या.’

‘गंगेच्या होय? नेल्या की मागल्या पंधरवड्यात. घर कसं ओकं वाटायला लागलं बघ.’

मी हातातलं कणीस खाली ठेवलं. ‘त्यातलं पाणी कुणाला दिलं होतं का?’

‘दिलं की,’ माई म्हणाल्या. लपवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. ‘घरात गंगा असताना मागणाऱ्याला न्हाई म्हणायचं होय? दोन शेजारच्यांना दिलं चमचाचमचा. पण पहिलं दिलं ते त्याच्या आईला.’

‘कुणाच्या आईला?’

‘गिरीशच्या गं. अळणावरची ती. नवऱ्याचं काही खरं न्हाई म्हणून डॉक्टरनं सांगितलं, तशी इस्पितळातून सरळ इथं आली पत्ता काढत. रडत होती. म्हणाली, माई, माझ्या पोरानंच आणलीय गंगा, मी त्याच्याकडं मागितली बापाच्या तोंडात घालायला, तर म्हणाला, अव्वा, ते मोजायचं पाणी हाय, एक थेंब काढला तर सगळं खोटं होतंय. तूच सांग शैला, बापापेक्षा मोजमाप मोठं होय? मी दोन बाटल्यांतून गडूभर काढून दिलं. पोराला सांगू नको म्हणाले तिला, उगा मायलेकरांत वाद.’

‘आणि मग बाटलीत परत पाणी घातलंत?’

माईंनी माझ्याकडे अडाण्याकडे पाहावं तसं पाहिलं. ‘गंगा कधी उणी ठेवतात होय? काढलं की घालायचं. घातलं की तेही गंगाच होतं. आधीच निम्मी निम्मी होती, मी गळ्यापर्यंत केली. आणि तशीच न्हाई हं घातली, दुहेरी फडक्यानं गाळून घातली.’

दुहेरी फडक्याने. आयुष्यभर मीही गाळण्याचंच काम केलं. मला राग येईना. काशीहून आणलेल्या गडूत माझी आजीसुद्धा हेच करायची.

‘त्याच्या वडिलांना ते मिळालं का माई? वेळेवर?’

‘काय की बाई. दुपारच्या बसनं गेली. तिचा नवरा त्याच दिवशी गेला म्हणून नंतर कळलं. एवढं मात्र माझ्या पोराच्या कानावर घालू नको हं. ओरडेल.’

सोमवारी सकाळी मी ते सरांच्या कानावर घातलं. फक्त पाण्याचं सांगितलं, कोणकोण न्यायला आलं ते नाही. मला वाटलं, आता ‘हाताळणीतला दोष’ वगैरे काहीतरी गोल वाक्य तयार होणार आणि ते गिरीशच्या गळ्यात पडणार. मी त्यासाठी भांडायची तयारी करूनच गेले होते. पण सरांनी फोन ओढला आणि सक्सेनासाहेबांना सांगितलं, ‘त्या दोन बाटल्या माझ्या घरी, माझ्या आईच्या हातून बिघडल्या. मुलाचा काही संबंध नाही. बाकीचे आकडे जुळतात, ते धरा.’ पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. सक्सेनासाहेबांचा विश्वास बसला नसावा असं मला वाटतं. त्यांच्या जागी मी असते तर माझाही बसला नसता. पण आकडे जुळत होते, आणि त्या जोरावर गिरीशचं काम पुढे चालू राहिलं. आज तो स्वतःच मुलांना शिकवतो.

सरांच्या खोलीतून मी थेट गिरीशकडे गेले. तो मागच्या व्हरांड्यात बाटल्या धुवत होता. मी त्याला सगळं सांगितलं. पोराला सांगू नको असं माईंनी त्याच्या आईला बजावलेलंही सांगितलं, कारण ते न सांगता उत्तर पुरं होत नव्हतं, आणि अर्धवट उत्तर देणं माझ्या स्वभावात नाही. त्याची आई गडू घेऊन केलगेरीला गेली होती, हे ऐकताना त्याने नळ बंद केला. मला वाटलं, आता तो सुटलो म्हणेल. किंवा आईवर चिडेल, की इतकं सांगूनही तिने ऐकलं नाही.

‘आप्पाला पोचलं होतं का अक्का?’ त्याने विचारलं.

त्याचे हात ओले होते आणि तो ते पुसायचं विसरून माझ्याकडे बघत होता. इतके दिवस तो गप्प का होता, ते मला तेव्हा कळलं. आम्ही त्याच्याकडे बाटल्यांचा हिशोब मागत होतो आणि तो पोरगा बापाला नाकारलेला एक चमचा घेऊन फिरत होता. मला फार वाईट वाटलं.

‘पोचलं,’ मी म्हटलं.

‘वेळेवर?’

‘वेळेवर.’

त्याने मान हलवली, नळ सोडला आणि राहिलेल्या बाटल्या धुवायला घेतल्या.

पुढे त्याच्या आईची आणि माझी त्याच्या लग्नात भेट झाली. तिने मला जवळ बसवून घेतलं, जेवायला आग्रह केला, नवऱ्याच्या आठवणी काढल्या. ती इस्पितळात पोचली तेव्हा तो होता की नव्हता, एवढं विचारायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी विचारलं नाही.